स्वेटर नंतर, आधी चौकोन, मनगटपट्ट्या आणि टोपडं

नव्याने विणायला बसणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्याच दिवशी सांगते, स्वेटर सुरू करू नका. ग्वाल्हेरात हे पटवणं अवघड जातं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कितीदा तरी ५ अंशांच्या खाली उतरतो. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की महाराज बाड्याच्या चौकाभोवतीच्या दुकानांत लोकरीचे गोळे बाहेर टांगायला लागतात, आणि ते रंग पाहून पहिला विचार स्वेटरचाच येतो. मग अर्धा किलो लोकर घरी येते आणि स्वेटरच्या पाठीचे टाके घातले जातात. संक्रांतीपर्यंत पाठ वीतभर वर चढते. होळीला सगळं गुंडाळून ट्रंकेत जातं. माझ्या आत्याच्या ट्रंकेत अशा तीन पाठी निघाल्या होत्या. तिन्हींना कसर लागलेली होती आणि तिन्हींवर सुया तशाच होत्या. आत्याचा हात वाईट नव्हता. वस्तू फार मोठी होती, एवढंच.

हिशेब करून पाहा. मध्यम जाडीच्या लोकरीत, ४ मिलिमीटरच्या सुयांवर, १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या स्वेटरचं नुसतं धड, बाह्या सोडून, ३५ हजार टाक्यांच्या घरात जातं. तान्ह्या बाळाचं टोपडं अडीच हजारांत होतं. चहाच्या कपाखाली ठेवायचा चौकोन ८०० टाक्यांचा. नव्या हाताने चुका होणारच. ८०० टाक्यांतली चूक उसवायला दहा मिनिटं पुरतात, पण पाठीच्या मध्यावर सापडलेली चूक उसवताना जीव जातो.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की एका वस्तूत एकच नवी गोष्ट शिकायची, आणि ती वस्तू पुरी करून कुणाला तरी द्यायची. देण्यावर माझा जोर आहे. आपल्याकडे तशा संधी भरपूर असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लागतं, नात्यात कुठे ना कुठे बाळंतविडा जायचा असतो, आजोबांचे हात पहाटे गारठतात, आजीचं चष्म्याचं घर फाटलेलं असतं. घेणारं माणूस डोळ्यांसमोर असलं की हात चालतो. आज तुळशीचं लग्न लागलं असं धरलं, तर रथसप्तमीपर्यंत या लेखातल्या पाचही वस्तू आरामात होतात.

सामान थोडं, पण बघून

सुयांच्या नंबराने नवे लोक हमखास फसतात. आपल्या दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात, आणि त्यांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, ८ नंबरची ४ मिलिमीटरची आणि ६ नंबरची ५ मिलिमीटरची. अमेरिकन नंबर नेमके उलटे चढतात. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. मोबाईलवर एखादी अमेरिकन बाई ८ नंबर म्हणाली आणि तुम्ही बाड्यावरून ८ नंबर आणली, तर वस्तू लहान आणि घट्ट होणार. नंबर विसरा आणि मिलिमीटर विचारा. पोनी कंपनीच्या सुयांवर ते छापलेले असतात.

सुरुवातीला ४ मिलिमीटरच्या सुयांची एक जोडी घ्या. लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत पिळाची आणि फिक्या रंगाची घ्या. पिवळा, आकाशी, फिका गुलाबी, कोणताही चालेल. काळी किंवा गडद निळी लोकर आत्ता नको, कारण रात्री दिव्याखाली तिच्यातले टाके दिसत नाहीत. केसाळ, मखमली लोकरही नको, तिच्यात टाका हरवतो आणि उसवताना तंतू अडकतात. बरोबर क्रोशाची एक सुई, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी, कात्री आणि चार सेफ्टी पिना असू द्या.

दुकानात ज्याला आपण सरसकट लोकर किंवा ‘ऊन’ म्हणतो, त्यातलं बरंचसं एक्रिलिक असतं. लुधियानाच्या वर्धमानसारख्या गिरण्यांचा माल आपल्याकडे सगळीकडे मिळतो, आणि वेष्टनावर नेमकं काय आहे ते लिहिलेलं असतं. एक्रिलिकमध्ये वाईट काही नाही. स्वस्त असतं, टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं आणि शिकायला उत्तम. वेष्टन हरवलं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, काडीने पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटांनी चुरगळते. एक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. हे लक्षात असू द्या, कारण गॅसवरून भांडं उतरवायला एक्रिलिकचं काही विणलं तर ते हाताला चिकटेल. त्यासाठी नेहमी सुती धागा वापरा.

आणखी एक, खास आपल्या गावासाठी. आपण मराठीत टाके, ओळ, सुलट आणि उलट म्हणतो. शेजारच्या भाभी आणि दुकानदार फंदे, सीधा, उल्टा म्हणतात. ते लगेच समजतं. घोळ होतो ‘सलाई’चा, कारण हिंदीत सुईलाही सलाई म्हणतात आणि ओळीलाही. ‘चार सलाई सीधी बुनो’ म्हणजे चार ओळी सुलट विणा. चार सुया कुठून आणायच्या, या विचारात पडू नका.

पहिली वस्तू: कपाखालचा चौकोन

यात शिकायचं ते टाके घालणं, सुलट विणणं आणि टाके बंद करणं. या तिन्हींत हालचाल जवळजवळ एकच असते, म्हणून मी याला एकच गोष्ट धरते.

टाके घालायच्या बऱ्याच तऱ्हा आहेत. अंगठ्यावर फास घेऊन घालतात ती तऱ्हा झरझर होते, पण लेख वाचून ती येत नाही. ती कुणाच्या तरी शेजारी बसून बघावी लागते. मी नव्यांना विणून टाके घालायला शिकवते, कारण त्यात सुलट टाका आपोआप शिकून होतो. धाग्याच्या टोकापासून वीतभर सोडून सरकफास करा आणि डाव्या सुईवर चढवा. उजवी सुई त्या फासात पुढून मागे घाला. मागच्या बाजूला उजव्या सुईच्या टोकावर लोकर खालून वर एकदा गुंडाळा. ती लोकर घेऊन सुईचं टोक फासातून पुढे ओढून काढा. उजव्या सुईवर नवा फास आला. जुना फास सोडू नका, नवा फासही डाव्या सुईवर त्याच्या शेजारी चढवा. झाले दोन टाके. आता नव्या टाक्यात सुई घाला आणि तेच करत राहा, २० टाके होईपर्यंत.

सुलट टाकाही असाच विणायचा, फक्त शेवट वेगळा. सुई पुढून मागे घालायची, लोकर गुंडाळायची, ओढून काढायची, आणि मग जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. नवा टाका उजव्या सुईवरच राहतो. २० टाके झाले की सुया हातांत बदला आणि पुन्हा सुरू करा. सगळ्या ओळी सुलट.

चार-सहा ओळींनंतर आडव्या कडा उठलेल्या दिसतील. दोन ओळी विणल्या की एक कडा दिसते. या विणीची गंमत अशी की एका कड्याची उंची जवळजवळ एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते. म्हणून २० टाके असतील तर २० कडा झाल्यावर चौकोन आपोआप चौरस होतो, मोजपट्टी काढावी लागत नाही. खात्री करायची तर कोपरा दुमडून कर्णावर धरा, बाजू जुळायला हव्यात.

आता इथे होणारी चूक. ती जवळपास प्रत्येकीच्या हातून होते आणि तिचं कारण कुणी सांगत नाही. २० टाके घातले होते, आठ ओळींनंतर मोजले तर २४ भरले, आणि चौकोन वर रुंद होत चालला. होतं असं की ओळ सुरू करताना लोकर सुईच्या वरून मागे खेचली जाते. मग पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर दिसतात, ते दोन टाके वाटतात आणि आपण दोन्ही विणतो. ओळ सुरू करण्यापूर्वी लोकर सुईच्या खाली आहे ना, ते बघून घ्या. आणि पहिले दहा दिवस प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. कंटाळवाणं वाटलं तरी मोजा. चूक त्याच ओळीत सापडली की एकच ओळ परत करावी लागते.

बंद करताना दोन टाके सुलट विणा. डाव्या सुईच्या टोकाने उजव्या सुईवरचा पहिला टाका उचला, दुसऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे सोडा. एक टाका उरला. आणखी एक विणा, पुन्हा तसंच करा. हात सैल ठेवा. हात आवळत असेल तर या एका ओळीपुरती उजव्या हातात ५ मिलिमीटरची सुई घ्या. शेवटच्या टाक्यातून धागा काढून ओढला की काम झालं.

असे सहा चौकोन विणा. एक पुरे असं वाटेल, पण सहा विणाच. पहिला वेडावाकडा होईल, तिसऱ्याला कडा सरळ येतील, सहाव्याला तुम्ही सुयांकडे न बघता विणत असाल. डिसेंबरात हजिऱ्याला गाण्याचा तानसेन समारोह असतो. ढोलीबुवा महाराजांच्या मठातली हरिकथा सकाळी सुरुवातीला होते आणि रात्रीच्या सभा थंडीत उशिरापर्यंत चालतात. तिथे शाल पांघरून बसलेल्या बायकांच्या हातांत मी लहानपणापासून विणकाम पाहत आले आहे. गाणं ऐकताना हातात घ्यायचं काम हेच, सगळ्या ओळी सुलट असलेलं. मोजायचं काम घरी ठेवा, नाहीतर ना धड गाणं ऐकू येतं ना धड वीण होते.

दुसरी वस्तू: तिरपं सुती पुसणं

यात नवं आहे ते टाका वाढवणं आणि टाका कमी करणं. जाड सुती धागा घ्या आणि सुया त्याच ४ मिलिमीटरच्या. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी बोटं थोडी दुखतील.

४ टाके घाला आणि एक ओळ सुलट विणा. पुढच्या ओळीपासून: २ टाके सुलट, मग लोकर दोन सुयांमधून पुढे आणा आणि पुढचा टाका तसाच सुलट विणा. लोकर सुईवरून मागे जाते आणि एक जादा फास पडतो. बाकीचे टाके सुलट. प्रत्येक ओळीत हेच करायचं. दर ओळीला एक टाका वाढतो, आणि जिथे फास घेतला तिथे काठाशी छोटी जाळी पडते. आठवतंय ना, पहिल्या चौकोनात लोकर चुकून सुईवर पडून टाके वाढत होते? इथे तीच गोष्ट मुद्दाम करतो आहोत. लोकरीच्या सगळ्या जाळीच्या विणी याच एका हालचालीवर उभ्या आहेत.

४५ टाके झाले की उलट प्रवास सुरू. प्रत्येक ओळीत: १ सुलट, मग २ टाक्यांत एकदम सुई घालून त्यांचा एक करा, मग पूर्वीसारखा फास घ्या, पुन्हा २ टाक्यांचा एक, बाकी सुलट. दोन कमी झाले, एक वाढला, म्हणजे ओळीला एक टाका कमी. ४ टाके उरले की बंद करा. कोपऱ्यातून सुरू होऊन समोरच्या कोपऱ्यात संपलेला, चारही बाजूंना जाळीचा काठ असलेला चौकोन हातात येतो. ओटा पुसायला इतकं चांगलं फडकं विकत मिळत नाही. मी दर संक्रांतीला वाणासाठी हीच करते. प्लॅस्टिकचे डबे बायका कपाटात ठेवून देतात, पण हे पुसणं दुसऱ्या दिवशीपासून ओट्यावर दिसतं.

तिसरी वस्तू: मनगटपट्ट्या

आता उलट टाका. यावर मी जास्त वेळ घालवते, कारण इथपर्यंत आलेल्या बऱ्याच जणी इथेच थांबतात.

उलट टाक्यासाठी लोकर आधी आपल्याकडे, पुढे घ्यायची. उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे, डाव्या सुईच्या पुढून घालायची. टोकावर लोकर गुंडाळायची आणि सुई मागे ढकलत ती लोकर टाक्यातून बाहेर काढायची. जुना टाका सोडायचा. हात सुरुवातीला अवघडतो, दोन संध्याकाळींत सुटतो.

हात सुटण्याहून महत्त्वाचं म्हणजे डोळा बसणं. सुलट आणि उलट हे दोन वेगळे टाके नाहीत, एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत. सुलट टाका समोरून गव्हाच्या लोंबीतल्या दाण्यांच्या जोडीसारखा दिसतो, खाली टोक आणि वर दोन पाय फाकलेले. तोच मागून पाहिला की टाक्याच्या गळ्याशी आडवा मणी दिसतो. तो उलट. हे एकदा दिसलं की कागदावरची ओळ सारखी वाचावी लागत नाही. सुईवर काय आहे ते बघायचं: लोंबी दिसली तर सुलट, मणी दिसला तर उलट.

४ मिलिमीटरच्या सुयांवर ४२ टाके घाला. पहिली ओळ: २ सुलट, २ उलट, असं करत शेवटी २ सुलट. दुसरी ओळ: २ उलट, २ सुलट, असं करत शेवटी २ उलट. पुढे जे दिसेल ते विणत जा. सुलटवरून उलटवर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची आणि परत सुलटवर येताना मधूनच मागे न्यायची. सुईवरून नेली तर टाका वाढेल, हे आता सांगायला नको.

उभ्या पट्ट्या आकसून जवळ येतात आणि ओढलं की पसरतात. म्हणून स्वेटरच्या कमरेला, मनगटाला आणि गळ्याला हीच वीण असते. आपल्याकडे तिला बॉर्डर म्हणतात. १८ सेंटिमीटर विणा. बंद करताना सुलटावर सुलट आणि उलटावर उलट विणतच बंद करा, नाहीतर काठ ताणला जाणार नाही आणि हात आत शिरणार नाही.

शिवताना पट्टीच्या दोन्ही उभ्या कडा सुलट बाजूने शेजारी शेजारी ठेवा. पहिल्या दोन टाक्यांच्या मध्ये शिडीसारख्या आडव्या दांड्या दिसतील. बोथट सुईने इकडची एक दांडी उचला, मग तिकडची एक. चार-पाच झाल्या की धागा हलकेच ओढा, शिवण नाहीशी होते. खालून १२ सेंटिमीटर शिवा, अंगठ्यासाठी ४ सेंटिमीटर मोकळं सोडा आणि वरचं २ सेंटिमीटर पुन्हा शिवा. बोटं उघडी राहतात, म्हणून पहाटे दूध आणायला जाणाऱ्याला, पोथी वाचणाऱ्याला, हार्मोनियमवर रियाज करणाऱ्याला या पट्ट्या सारख्याच आवडतात.

एखादा टाका सुईवरून निसटून चार ओळी खाली घरंगळला तर घाबरून सगळं उसवू नका. तो बाजूला पळत नाही, खाली सरळ रेषेत उतरतो आणि त्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसते. लोंबीची बाजू समोर घ्या, क्रोशाची सुई निसटलेल्या टाक्यात पुढून घाला, वरचा पहिला आडवा धागा पकडून टाक्यातून ओढा. मग त्याच्या वरचा धागा. असं करत वर या आणि टाका सुईवर ठेवा. ठेवताना टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला यायला हवा, नाहीतर तो टाका पिळलेला दिसतो. हे जमवायचं तर आधी सरावाच्या एखाद्या तुकड्यावर मुद्दाम एक टाका पाडून उचलून बघा.

टोपड्याआधी थोडं मोजमाप

आतापर्यंत माप एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी चाललं. टोपडं डोक्यावर बसायला हवं. म्हणून आधी २८ टाक्यांचा, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असा नमुना विणा, साधारण १२ सेंटिमीटर उंच. धुऊन वाळवा आणि मग मध्यभागी १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. काठ धरू नका, तो आकसलेला असतो.

२२ बसले तर ७२ टाक्यांचं टोपडं पावणेतेहतीस सेंटिमीटर घेराचं होईल. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३६ सेंटिमीटर असतं, वीण ताणते, म्हणजे छान बसेल. तुमचा हात सैल असून २० च बसले, तर तेच ७२ टाके ३६ सेंटिमीटर होतील आणि टोपडं डोळ्यांवर येईल. टोपड्यात हा फरक तीन सेंटिमीटरचा आहे. २२० टाक्यांच्या स्वेटरात तो १० सेंटिमीटर होतो. शेजारणीने सांगितलेले टाके मोजून घातले तरी स्वेटर ढगळ का झाला, त्याचं उत्तर यात आहे. टाके कमी बसले तर साडेतीन-पावणेचार मिलिमीटरची सुई घ्या, जास्त बसले तर साडेचारची.

चौथी वस्तू: टोपडं

इथे शिकायचं ते गोल विणणं. दोन्हीकडे टोकं असलेल्या चार-पाच सुयांचा संच मिळतो, ४ मिलिमीटरचाच घ्या. लांब केबलची गोल सुई या लहान घेराला नव्या हातासाठी सोयीची नाही.

७२ टाके घाला आणि तीन सुयांवर २४-२४ वाटा. सुयांचा त्रिकोण टेबलावर ठेवा आणि सगळ्या टाक्यांचा खालचा काठ आतल्या बाजूला आहे ना, हे दोनदा बघा. काठ एकदा जरी पिळला गेला आणि तसंच विणलं, तर पुढे तो सरळ करता येत नाही, सगळं उसवावं लागतं. चौथ्या सुईने पहिल्या टाक्यापासून विणायला लागा. जिथे ओळ सुरू होते तिथे रंगीत दोऱ्याची खूण करा. एका सुईवरून दुसऱ्या सुईवर जाताना पहिले दोन टाके जरा आवळून विणा, नाहीतर तिथे उभी विरळ रेघ पडते.

४ सेंटिमीटर बॉर्डर विणा, मग नुसतं सुलट. गोल विणताना वस्तूची बाहेरची बाजूच नेहमी आपल्यासमोर असते, म्हणून उलट ओळ लागतच नाही. बॉर्डरसकट १० सेंटिमीटर झालं की डोकं मिटवायला घ्या: ६ सुलट आणि २ चा एक, असं सगळीकडे. ६३ उरतील. एक ओळ साधी. मग ५ सुलट आणि २ चा एक, ५४ उरतील. एक ओळ साधी. असंच ४, ३, २, १ करत ४५, ३६, २७, १८ पर्यंत या, प्रत्येक वेळी मध्ये एक साधी ओळ. शेवटी सगळीकडे २ चा एक, ९ टाके उरतील. धागा वीतभर ठेवून कापा, बोथट सुईने नऊही टाक्यांतून ओवा आणि ओढून मिटवा. वरती नऊ पाकळ्यांचं फूल दिसतं. ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा सगळ्याजणी टोपडं हातावर चढवून फिरवून बघतात, मीसुद्धा अजून बघते.

चार सुयांची भीती वाटली तर दोन सुयांवर ७४ टाके घालून सपाट विणा. दोन्ही टोकांचे एकेक टाके शिवणीसाठी. परतीच्या ओळी उलट विणा, टाके फक्त समोरच्या ओळीत कमी करा आणि मागे शिवण घ्या. बाळाला काही फरक पडत नाही. तुम्हाला पडतो, म्हणून दुसरं टोपडं तरी गोल करा.

पाचवी वस्तू: वेणीचं चष्म्याचं घर

वेणी दिसायला सगळ्यांत अवघड आणि करायला सोपी. टाके विणतो तसेच, फक्त त्यांची जागा बदलतो.

२४ टाके घाला. समोरची ओळ: १ सुलट, ८ उलट, ६ सुलट, ८ उलट, १ सुलट. परतीची ओळ: ९ सुलट, ६ उलट, ९ सुलट. अशा सहा ओळी झाल्या की सातव्या ओळीत मधल्या ६ टाक्यांपाशी या. पहिले ३ टाके न विणता जादा सुईवर घ्या आणि ती सुई आपल्यासमोर लोंबकळत सोडा. पुढचे ३ सुलट विणा, मग जादा सुईवरचे ३ सुलट विणा. वेणीचा पहिला पेड पडला. पुढे दर आठव्या ओळीला हेच. जादा सुई समोर ठेवली की पेड डावीकडे झुकतो, मागे ठेवली की उजवीकडे. एकच बाजू धरून चाला. जादा सुई म्हणून टोपड्याच्या संचातलीच एक चालते.

वेणी वीण आत ओढते. नमुन्याच्या हिशेबाने २४ टाके ११ सेंटिमीटर भरायला हवेत, प्रत्यक्षात नऊ-साडेनऊ भरतात. पुढे कधी स्वेटरवर वेणी घातलीत तर टाके त्या मानाने वाढवायला हवेत. ३६ सेंटिमीटर विणा, मध्ये दुमडा, दोन्ही बाजू शिवा आणि आत जुन्या मऊ साडीचं अस्तर लावा.

दोन रंगांचं काम यानंतर घ्या. आधी नुसते आडवे पट्टे करा, कारण त्यात रंग बदलण्यापलीकडे नवं काही नाही. एकाच ओळीत दोन रंग घेताना मागून जाणारा मोकळा धागा पाच टाक्यांहून लांब ठेवू नका आणि तो आवळू नका.

शेवटचा हात

विणून झालं की टोकं कापून टाकायची नाहीत. प्रत्येक टोक बोथट सुईने मागच्या मण्यांतून आधी एका दिशेला आणि मग उलट फिरून ओवा, म्हणजे धुण्यात सुटत नाही. मग वस्तू कोमट पाण्यात भिजवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट जागी हाताने आकार देऊन वाळू द्या. वाकडे दिसणारे अर्धे टाके इथेच सरळ होतात. एक्रिलिकवर इस्त्री ठेवू नका. ते चपटं आणि निर्जीव होतं, पुन्हा फुलत नाही.

बाळंतविड्यात द्यायची वस्तू असेल तर देण्याआधी ती उलटी करा आणि आतून बोट फिरवा. बोट कुठल्या मोकळ्या धाग्यात अडकलं तर बाळाचंही बोट तिथे अडकेल, म्हणून तो धागा तिथेच ओवून टाका. टोपड्याला मणी किंवा बटण लावू नका, आणि गळ्याशी बांधायची लांब नाडीही नको.